उमेद आणि निर्णय: हैदराबादचे दाखले

१९६४ साली काकीनाड्याचे पन्नासएक व्यापारी आणि लहान कारखानदार गटागटाने हैदराबादला आले. युसूफगुड्यातल्या ‘स्मॉल इंडस्ट्री एक्स्टेन्शन ट्रेनिंग इन्स्टिट्यूट’मध्ये त्यांच्यासाठी दहा-दहा दिवसांचे वर्ग भरवले होते. ‘सिएट’ या लघुनावाने ओळखली जाणारी ही संस्था दोनच वर्षांपूर्वी दिल्लीहून हैदराबादला हलली होती. प्रयोग आखला होता हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी. माणसाच्या मनात काहीतरी करून दाखवण्याची जी ओढ असते ती शिकवता येते का, हे त्यांना तपासायचे होते. वर्गात चित्रे दाखवून गोष्टी लिहून घेतल्या जात, खेळ खेळवले जात, पुढच्या दोन वर्षांत धंद्यात काय करणार हे प्रत्येकाकडून कागदावर उतरवून घेतले जाई. तुलनेसाठी शेजारचे राजमहेंद्री हे शहर घेतले होते. तिथल्या व्यावसायिकांना असे काही शिकवले गेले नाही. मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांचे निष्कर्ष १९६९मध्ये पुस्तकरूपाने आले. वर्गाला बसलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनी पुढच्या दोन वर्षांत धंद्यात ठळक हालचाल केली होती: नवे काम सुरू केले, भांडवल घातले, माणसे घेतली. वर्गाला न बसलेल्यांत हे प्रमाण सुमारे चतुर्थांश होते. जातपात आणि रूढींबद्दलची शिकलेल्यांची मते वर्गामुळे बदलली नव्हती आणि त्यांच्या हालचालीला ती आडही आली नव्हती. हिंदू समाजमनातच उद्योजकता नाही, असे तेव्हा पुष्कळ पाश्चात्त्य अभ्यासक ठामपणे सांगत असत. त्यांना मिळालेले हे उत्तर मोलाचे होते.

या प्रयोगाचा हवाला व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत वारंवार येतो, पण त्यातली एक नोंद सहसा पुढे येत नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. वर्गाचा परिणाम दिसला तो मुख्यतः ज्यांच्या हातात पेढीचा कारभार होता त्यांच्यावर. तेच धडे गिरवून जे परत दुसऱ्याच्या हाताखाली कामाला गेले, त्यांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे ओढ जागी झाली तरी तिला वाट हवी असते, आणि ती वाट निर्णयाच्या अधिकारातून जाते. आपल्याकडे या दोन गोष्टींची खाती वेगळी आहेत. कर्मचाऱ्यांची उमेद एचआरकडे आणि कंपनीचे मोठे निर्णय संचालक मंडळाकडे. आधी वर निर्णय होतो, मग तो खाली ‘पटवून’ देण्यासाठी प्रेरणेचे कार्यक्रम आखले जातात. ही फारकतच मुळात चुकीची आहे, असे माझे म्हणणे आहे. माणसे किती मन लावून काम करतात हे बरेचसे निर्णय कसे होतात यावर ठरते. निर्णय शहाणे होतात की आंधळे, हेही खालच्या माणसांना खरे बोलण्याची किती मुभा आहे यावर ठरते. यासाठी दाखले शोधायला हैदराबादसारखे दुसरे शहर नाही. निजामाच्या काळातले कारखाने, नेहरूकालीन सरकारी उद्योग, औषध कंपन्या, आयटी आणि आता परदेशी कंपन्यांची मोठमोठी केंद्रे, असे सगळे थर एकाच शहरात आहेत.

सिद्धांतांच्या बाजूने पाहिले तर दोन्ही प्रश्नांवर शंभर वर्षांचे लिखाण आहे. टेलरने १९११मध्ये घड्याळ लावून काम मोजले आणि दाम वाढवला की काम वाढते असे मांडले. हर्झबर्गने १९५९मध्ये दाखवले की अपुरा पगार माणसाला नाराज करतो, पण भरपूर पगार त्याला कामात रमवतोच असे नाही, त्यासाठी कामातच काही असावे लागते. एडवर्ड डेसी यांच्या १९७१च्या प्रयोगांतून दिसले की आवडीच्या कामाला पैशाची अट जोडली तर कधीकधी आवडच ओसरते. निर्णयांच्या बाजूने हर्बर्ट सायमन यांनी सांगितले की व्यवस्थापकाला सगळी माहिती कधीच नसते, तो सर्वोत्तम पर्याय शोधत नाही, पुरेसा बरा पर्याय मिळाला की थांबतो. पुढे कानेमान आणि ट्वेर्स्की यांनी दाखवले की नफ्याच्या आशेपेक्षा तोट्याची भीती माणसाला जास्त हलवते. या दोन प्रवाहांना जोडणारा माणूस होता चेस्टर बर्नार्ड, न्यू जर्सीच्या टेलिफोन कंपनीचा अध्यक्ष. १९३८च्या त्याच्या पुस्तकात मांडणी अशी की हुकमाचे वजन हुकूम देणाऱ्याच्या खुर्चीतून येत नाही, तो मानणाऱ्याच्या संमतीतून येते. हे खरे धरले तर ज्या निर्णयाला खालची संमती नाही तो निर्णय अर्धाच झालेला असतो.

हैदराबादच्या औषधउद्योगाची कहाणी इथे आठवावी लागते. बालानगरला सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला आयडीपीएल या सरकारी कंपनीचा कारखाना साठच्या दशकातला. तिथे शेकडो रसायनशास्त्रज्ञ घडले. कारखाना पुढे आजारी पडला, पण त्यातून बाहेर पडलेल्या माणसांनी शहरात आणि भोवताली औषधी रसायनांचे कारखाने काढले. डॉ. रेड्डीज ही कंपनी १९८४मध्ये काढणारे के. अंजी रेड्डी हेही आधी आयडीपीएलमध्येच नोकरीला होते. ज्ञान तेच, शहर तेच, बरेचदा रसायनेही तीच. बदलले ते हे की कोणते औषध कोणत्या पद्धतीने बनवायचे आणि कुठे विकायचे हे आता त्यांचे त्यांना ठरवता येत होते. फक्त स्वातंत्र्यानेच हे घडले असे म्हणणे खोटे ठरेल. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूऐवजी केवळ प्रक्रियेला संरक्षण ठेवले आणि वेगळ्या वाटेने तेच औषध बनवण्याची मुभा मिळाली, हा त्यातला मोठा भाग. पण कायदा आयडीपीएललाही तोच लागू होता.

याच्या उलट अंगाचा आणि मला अधिक बोलका वाटणारा दाखला कोळशाचा आहे. चंद्रपूरपलीकडे गोदावरीच्या खोऱ्यात पसरलेली सिंगरेणी कंपनी कोत्तागुडेमहून चालते, तिच्यात तेलंगणा सरकारचा वाटा ५१ टक्के आणि केंद्राचा ४९ टक्के. नव्वदच्या दशकात ती दोनदा आजारी उद्योगांसाठीच्या मंडळाच्या, म्हणजे बीआयएफआरच्या, दारात गेली. खाणींवर संप हा रोजचा प्रकार झाला होता. संघटना डझनावारी, एकीने समझोता केला की दुसरी काम बंद पाडणार. त्यात नक्षलवादी चळवळीची छाया. बंदुकीच्या जोरावर किंवा बोनस वाटून हे आवरले गेले नाही. व्यवस्थापनाने तोट्याचा हिशेब खाणीच्या तोंडापर्यंत नेला. वेगवेगळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांची पथके खाणींवर जाऊन कामगारांना सांगू लागली की एक टन कोळसा काढायला किती खर्च येतो, तो कितीला विकला जातो आणि एका दिवसाच्या संपाने काय जाते. १९९८मध्ये गुप्त मतदानाने मान्यताप्राप्त संघटना निवडली गेली. कोळसा उद्योगात हे नवे होते. आता कामगारांच्या वतीने कोण बोलणार हे मतपेटीने ठरले. आणि दशक संपता संपता नफ्यातला ठराविक हिस्सा कामगारांना द्यायला सुरुवात झाली, दहा टक्क्यांपासून. ती टक्केवारी चढत चढत २०२३-२४च्या नफ्यासाठी ३३वर पोचली, आणि त्यापोटी ७९६ कोटी रुपये कायम कामगारांत वाटले गेले.

इथे पहिला आक्षेप येतो: मग शेवटी पैसाच ना? असेल, तर निर्णय वगैरे गोष्टी कशाला? पैशाचे मोल नाकारण्यात अर्थ नाही, विशेषतः जमिनीखाली राबणाऱ्याच्या बाबतीत. २०२१-२२मध्ये आयटी कंपन्यांतली माणसे थोड्याशा वाढीसाठी या टॉवरमधून त्या टॉवरमध्ये जात होती, मार्च २०२२मध्ये इन्फोसिसमधले गळतीचे प्रमाण २७ टक्क्यांवर होते. पैसा माणसाला आणतो आणि नेतो, यात वादच नाही. पण सिंगरेणीत त्याच ३३ टक्क्यांवरून २०२४मध्ये जो वाद झाला तो काय सांगतो? कंपनीचा निव्वळ नफा ४,७०१ कोटी होता. त्यातले २,२८९ कोटी विस्तारासाठी बाजूला काढून उरलेल्या २,४१२ कोटींवर ३३ टक्के लावले गेले. कामगार संघटनांचे म्हणणे होते की वाटा संपूर्ण नफ्यावर हवा. एका कामगाराच्या वाट्याला सरासरी दोन लाखांच्या आतबाहेर रक्कम येत असताना ही तक्रार हावरटपणाची वाटू शकते. मला ती रास्त वाटते. विस्तारासाठी किती ठेवायचे हा धोरणाचा निर्णय आहे, आणि तो घेताना ज्यांच्या हिश्शातून ती रक्कम निघाली त्यांना कुणी विचारले नाही. वर्षानुवर्षे हिशेब उघडून दाखवल्यामुळेच कामगार आता हिशेबाच्या पद्धतीवर बोलू शकतो. पैशाने प्रेरणा येते तीही हिशेबावर विश्वास असेल तरच.

हिशेबच खोटा असेल तर काय होते हे दाखवायला सत्यमइतका मोठा दाखला देशात नाही. १९८७मध्ये हैदराबादेत निघालेली ही आयटी कंपनी २००८पर्यंत त्रेपन्न हजार माणसांची झाली होती. व्यवस्थापनशास्त्राच्या दृष्टीने ती आदर्श होती, हे आज विसरले जाते. कंपनीचे तुकडे पाडून प्रत्येकाच्या प्रमुखाला छोट्या कंपनीच्या मालकासारखे अधिकार देण्याची तिची पद्धत अभ्यासाचा विषय होती. सप्टेंबर २००८मध्ये तिला सुशासनासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला. १६ डिसेंबरला संचालक मंडळाने अध्यक्षांच्या कुटुंबाशी संबंधित मेटास नावाच्या दोन कंपन्या एक अब्ज साठ कोटी डॉलरना घेण्यास मंजुरी दिली. गुंतवणूकदार इतके खवळले की काही तासांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ला अध्यक्ष रामलिंग राजू यांचे पत्र आले: ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती. सप्टेंबरच्या तिमाहीत कामकाजाचा नफा २४ टक्के दाखवला होता, खरा होता ३ टक्के. त्या एका दिवसात शेअर १७९ रुपयांच्या आसपासून ४०च्या घरात आला. कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे जपून ठेवलेले ईएसओपी, म्हणजे कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, कागदाच्या किमतीचे झाले.

राजूंनी पत्रात दिलेले कारण आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे. प्रवर्तकांचा वाटा थोडा होता. कामगिरी खराब दिसली तर कुणीतरी कंपनी ताब्यात घेईल आणि आकड्यांतली दरी उघडी पडेल ही भीती होती. मेटासची खरेदी हा खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा शेवटचा प्रयत्न होता, असेही त्यांनीच लिहिले. बाहेरून जो विस्ताराचा, बांधकाम क्षेत्रात शिरण्याचा डाव म्हणून मांडला गेला तो आतून भीतीपोटी घेतलेला निर्णय होता. निर्णय घेणाराही माणूस असतो, त्याच्याही मनाला ओढ आणि धाक असतात, आणि व्यवसायाच्या धोरणाचा अभ्यास करताना हे बाजूला ठेवणे परवडत नाही. डिसेंबरमध्ये एका माहितगाराची निनावी ईमेल एका संचालकांपर्यंत पोचली होती. त्रेपन्न हजारांच्या कंपनीत सत्य सांगायला कुणाला तरी नाव लपवावे लागले, तेही सगळे बुडायला आल्यावर. तुकड्यातुकड्यांत दिलेले स्वातंत्र्य खरे असेलही, पण त्याला पूर्ण कंपनीचा हिशेब पाहण्याची खिडकी नव्हती. एप्रिल २०१५मध्ये विशेष न्यायालयाने राजू आणि इतर नऊ जणांना सात वर्षांची शिक्षा सुनावली, पुढच्या महिन्यात अपिलात ती स्थगित होऊन जामीन मिळाला.

राजूंच्या पत्रानंतरचे शंभर दिवस मात्र या कहाणीचा सर्वांत शिकण्यासारखा भाग आहेत. सरकारने किरण कर्णिक, दीपक पारेख, सी. अच्युतन आणि मग तरुण दास, टी. एन. मनोहरन, एस. बी. मैनाक यांचे मंडळ नेमले. त्यांनी पगार थांबू दिले नाहीत, बँकांकडून सहाशे कोटींची सोय केली, आणि सीईओ म्हणून बाहेरचा कुणी बडा माणूस न आणता कंपनीतलेच ए. एस. मूर्ती यांना नेमले. एप्रिलमध्ये खुल्या बोलीत पुण्याच्या टेक महिंद्रने ५८ रुपये भावाने कंपनी घेतली. बरेच क्लायंट गेले, पण बरेच राहिले. २०१०च्या फुटबॉल विश्वचषकाचे संगणकीय काम याच माणसांनी पार पाडले. यावर दुसरा आक्षेप असा की लोक निष्ठेने टिकले नाहीत, मंदी होती, बाहेर नोकऱ्याच नव्हत्या. हा आक्षेप निम्मा खरा आहे. भीतीने माणूस जागेवर बसतो हे मान्य. पण भीतीने बसलेला माणूस मध्यरात्री परदेशी क्लायंटच्या फोनवर उभा राहून, कंपनीचे नाव वर्तमानपत्रांत रोज बदनाम होत असताना, हातातले काम वेळेत देत नाही. त्या कामाशी, त्या क्लायंटशी त्याचे स्वतःचे नाते होते आणि ते राजूंच्या खोट्या आकड्यांवर उभे नव्हते. दुसऱ्या बाजूने, जून २००९मध्ये नव्या मालकांनी हजारो जणांना घरी बसवून मूळ पगारावर ‘व्हर्च्युअल पूल’मध्ये टाकले. तो निर्णय कदाचित टाळता येण्यासारखा नव्हता. पण दुसऱ्यांच्या गुन्ह्याचा भार सर्वांत आधी बेंचवरच्यांवर, म्हणजे हाती प्रकल्प नसलेल्यांवर, आला हेही खरे आहे.

तिसरा आक्षेप जाणत्या व्यवस्थापकांचा असतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. धोरण मतदानाने ठरत नाही, बाजारात गुप्तता आणि वेग लागतो, मोठी झेप एखाद्या माणसाच्या हिमतीवरच होते. डॉ. रेड्डीजचे दोन निर्णय यासाठी शेजारी ठेवून पाहावेत. १९९३मध्ये अंजी रेड्डींनी नवे औषध शोधण्याची संशोधनसंस्था काढली, तेव्हा भारतीय कंपन्या दुसऱ्यांनी शोधलेलीच औषधे बनवत होत्या. १९९७मध्ये मधुमेहावरचा एक रेणू नोव्हो नॉर्डिस्कला परवान्याने दिला गेला, ही भारतीय प्रयोगशाळेसाठी मोठी घटना होती. पुढे २००२मध्ये तिथल्याच दुसऱ्या रेणूच्या चाचण्या, प्राण्यांत गाठी आढळल्याने थांबवाव्या लागल्या. औषध बाजारात आले नाही. तरी त्या एका निर्णयाने कितीतरी तरुण रसायनशास्त्रज्ञांना हैदराबादेत थांबण्याचे कारण दिले. २००६मध्ये त्याच कंपनीने जर्मनीतली बीटाफार्म ४८ कोटी युरोंना घेतली. जर्मन विमासंस्थांनी निविदा काढून औषधांचे भाव पाडले आणि त्या खरेदीचे मूल्य पुढच्या वर्षांत मोठ्या प्रमाणात खोडावे लागले. दोन्ही निर्णय वरूनच झाले, दोन्ही फळले नाहीत, पण पहिल्यात काम करणाऱ्यांना त्यात आपला भाग दिसत होता आणि अपयशाची कारणे प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला माहीत होती. मला गुप्ततेला विरोध करायचा नाही. खरेदीची बोली सर्वांना विचारून लावता येत नाही. पण बोली लावण्याआधी त्या बाजाराशी रोज व्यवहार करणाऱ्याला शंका काढता येते का, आणि निर्णय फसल्यावर तो का फसला हे त्याला सांगितले जाते का, एवढे तरी गुप्ततेच्या आड येत नाही.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा दाखला एसटीचा वाटेल. ५ ऑक्टोबर २०१९ला तेलंगणाच्या आरटीसीचे सुमारे ४८ हजार कर्मचारी संपावर गेले. मागणी होती महामंडळाचे सरकारात विलीनीकरण. मुख्यमंत्र्यांनी ठरल्या वेळी कामावर न आलेल्यांनी स्वतःहूनच नोकरी सोडली, असे जाहीर केले. बावन्न दिवसांनी संप मिटला, कर्मचारी रिकाम्या हाताने परतले, त्या काळात काहींनी जीवही दिले. दोन वर्षांनी महाराष्ट्रात एसटी कर्मचाऱ्यांनी त्याच मागणीसाठी एप्रिल २०२२पर्यंत लांबलेला संप केला. दोन्हीकडे लोक म्हणाले, यांना सरकारी पगार हवा, बाकी काही नाही. पण जरा महामंडळाचे निर्णय कोण घेते ते पाहा. भाडे किती, सवलती कुणाला, तोट्याच्या मार्गावर गाडी चालवायची की नाही, डिझेलवर कर किती, हे सगळे सरकार ठरवते. तोटा झाला की तो महामंडळाचा, म्हणजे चालक-वाहकाच्या थकलेल्या पगाराचा. निर्णय घेणाऱ्यानेच त्याचा भार उचलावा, एवढाच विलीनीकरणाच्या मागणीचा अर्थ मला दिसतो. तेलंगणात ऑगस्ट २०२३मध्ये विलीनीकरणाचे विधेयक मंजूर झाले, डिसेंबरपासून महिलांना मोफत प्रवास आला आणि गाड्या ओसंडून वाहू लागल्या. त्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या वाहकाला योजना आखताना कुणी विचारले होते का, हा प्रश्न मात्र विलीनीकरणाने सुटलेला नाही.

मग कामगारांनाच मालक करावे का? कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचा अनुभव सावध करणारा आहे. १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने बंद कारखाना कामगारांच्या हाती आला, सुरुवातीची वर्षे चांगली गेली, नंतर तो पुन्हा खचला. भांडवल आणि बाजार यांची तंगी मालकी बदलल्याने जात नाही, आणि कागदावर मालक झालेला कामगार निर्णयाच्या टेबलाशी असतोच असे नाही. मालकीपेक्षा माहिती आणि शब्दाला वजन या गोष्टी आधी येतात, असे मला वाटते.

आजच्या हैदराबादेत हा प्रश्न नव्या रूपात उभा आहे. मायक्रोसॉफ्टने १९९८मध्ये इथे विकास केंद्र काढले, त्यामागून शेकडो परदेशी कंपन्यांची केंद्रे गच्चीबोवली आणि नानकरामगुड्यात आली. इथला अभियंता उत्तम कमावतो, चांगल्या इमारतीत बसतो, पण कोणते उत्पादन चालू ठेवायचे आणि कोणता विभाग बंद करायचा हे दुसऱ्या खंडात ठरते आणि त्याला ते एखाद्या सकाळच्या मेलमधून कळते. कामगिरीची बेल कर्व्हवर वाटणी मायक्रोसॉफ्टने २०१३मध्ये सोडली. पण क्रमवारी काढून टाकली तरी निर्णयाचे अंतर तेवढेच राहते. या केंद्रांच्या प्रमुखांनी पगाराच्या वाटाघाटीइतकाच आग्रह उत्पादनाच्या निर्णयांतल्या वाट्यासाठी धरायला हवा. तो न मिळाल्याची किंमत ते गळतीच्या आकड्यांत मोजतच आहेत. निर्णयाचे हे अंतर सिंगरेणीतही आहे. तिने २०२४मध्ये पहिल्यांदा कंत्राटी कामगारांना नफ्यातून पाच-पाच हजार रुपये दिले, सुमारे पंचवीस हजार जणांना. रक्कम फार लहान आहे, कायम कामगाराच्या वाट्याशी तिची तुलनाही होत नाही. त्याच खाणीत काम करणाऱ्या या माणसांना अजून त्या मान्यताप्राप्त संघटनेच्या निवडणुकीत मत नाही, आणि पुढचा हिशेब मांडायचा तो तिथून.